नाच शिकवायला ताई येतात, शूटिंग करतात... सही करावी का?

लालबागची_लेक

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही लालबागला चाळीत राहतो. तळमजला अधिक तीन, मधे चौक, चारी बाजूंनी गॅलरी. पुनर्विकास 'आता होणार' हे ऐकत माझ्या लग्नाला सोळा वर्षं झाली. तर गेल्या दिवाळीनंतर आमच्याकडे दर रविवारी चार ते सहा एक ताई यायला लागल्या. मूळच्या कथकच्या, पुढे बाहेर जाऊन समकालीन नृत्य शिकलेल्या, एका कॉलेजात शिकवतात. फी घेत नाहीत, कुठलं तरी अनुदान आहे म्हणाल्या.

मला वाटलं गाणं लावतील, एक-दोन-तीन-चार करतील, गॅदरिंगसारखं काहीतरी बसवतील. पहिल्या रविवारी त्यांनी गाणंच लावलं नाही. "दिवसभर तुमचे हात काय काय करतात ते मला दाखवा," म्हणाल्या. पोरांनी अर्थातच मोबाइल सरकवून दाखवला. एकाने लोकलच्या दारात लटकून दाखवलं. माझ्या सासूबाई (वय ७४) गॅलरीत लसूण सोलत बसल्या होत्या. ताईंनी खालूनच विचारलं, "आजी, तुमचे हात?" सासूबाईंनी ताटली बाजूला सारली आणि हवेत कणीक मळायला घेतली. मनगटाच्या उंचवट्याने तीन दाब, चौथ्याला परात जरा स्वतःकडे फिरवायची, परत तीन दाब. गिरण्या चालू होत्या तेव्हा त्यांनी घरात पंधरा माणसांची खानावळ चालवली आहे. पन्नास वर्षांनी हात जसेच्या तसे चालले. चौकात कुणी बोललं नाही.

तीच पुढे स्टेप झाली. आता आमच्याकडची बावीस पोरं आठाच्या ठेक्यावर परात फिरवतात.

मग फोनवर शूटिंग झालं, अकरा मिनिटांची फिल्म झाली. कच्ची प्रत सगळ्यांना दाखवली. आणि आता आलेत कागद. तीन पानं, इंग्रजीत, खाली सही. मंडळात दोन तट पडलेत. एक म्हणतो चाळीचं नाव होईल. दुसरा म्हणतो आपली गरिबी विकायला काढली, संडासाच्या रांगेचा शॉट कशाला हवा होता? माझी लेक तेरा वर्षांची आहे, तीही फिल्ममध्ये आहे. आणि सासूबाई फिल्म बघून आल्यापासून घुम्यासारख्या बसल्यात. सही करणार नाही म्हणतात, कारण विचारलं तर "काही नाही" म्हणून आत निघून जातात.

अशा कामाचा कुणाला अनुभव आहे का? सही करावी का? आणि ताईंना काय विचारायला हवं, की त्यांचा अपमान न होता आम्हाला कळेल?

आंबोळी

परात फिरवण्याचं वाचून माझाही हात हलला. वाचतेय.

खडूस_काका

'सक्षमीकरण' शब्द कानावर पडला की मी आधी खिसा चाचपतो. तुम्ही तो वापरला नाहीत, पण त्या तीन पानांत कुठेतरी असणारच.

नाच शिकवायला बाहेरून माणूस कशाला लागतो हो? गिरणगावात गणपतीत जाखडी व्हायची. आमच्याकडे बाल्या नाच म्हणत. कोकणातून आलेला गडी दिवसभर साच्यावर उभा आणि रात्री पायात चाळ बांधून गोलात. शक्तीवाले एकीकडे, तुरेवाले दुसरीकडे, सवाल-जवाबात पहाट व्हायची. ना अनुदान, ना कागद. ८२ साली जानेवारीत संप झाला, तो काही संपलाच नाही. माणसं गावी गेली, त्यांच्याबरोबर नाचही गेला. आता ताई येऊन आम्हाला आमचेच हात दाखवणार.

झिम्मा

काका, चाळीत चाळ बांधून नाचले ते सगळे बाप्येच ना? त्या गोलात तुमची बहीण होती का? बायकांच्या वाट्याला मंगळागौर, तीही नवी नवरी असेल त्या घरी, दारं लावून. लालबागच्या लेकीच्या सासूबाईंना इतक्या वर्षांत भर चौकात 'तुमचे हात दाखवा' असं कुणी म्हटलं होतं का, एवढं सांगा.

खडूस_काका

@झिम्मा, बहीण गॅलरीतून बघायची. मुद्दा मान्य. अर्धा.

सिनेमावाला

काकांना एक आठवण करून देतो. 'बाहेरून आलेला नाचवाला' मुंबईला नवीन नाही. नर्तक उदयशंकर यांचं हिमालयात अल्मोड्याला नृत्यकेंद्र होतं. तिथे नुसता नाच नव्हता. हातापायांनी काय बोलता येतं, निरीक्षण कसं करायचं, तिथल्या तिथे कसं रचायचं, हे सगळं शिकवत. झोहरा सेहगल तिथे शिकवायच्या, गुरुदत्त तिथले विद्यार्थी. केंद्र फार वर्षं चाललं नाही. पण तिथले शांती बर्धन मुंबईत आले, अंधेरीला इप्टा या नाट्यसंघटनेच्या बॅले पथकात त्यांनी काम केलं. बंगालच्या दुष्काळानंतरचे ते दिवस, नाच दाखवून मदत गोळा होत होती. पुढे १९५२ मध्ये त्यांनी इथेच लिटल बॅले ट्रूप काढला. त्यांच्या रामायणात माणसं कळसूत्री बाहुल्यांसारखी नाचायची. जत्रेतला बाहुल्यांचा खेळ बघितलेल्या कुणालाही ते कळावं!

आणि नाच अधिक सिनेमा म्हणाल, तर उदयशंकरांनी स्वतः १९४८ मध्ये 'कल्पना' काढला. मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत. नाचणाऱ्या माणसानेच दिग्दर्शित केलेला, बहुतेक सगळा नाचच असलेला सिनेमा. धंदा केला नाही. २०१२ मध्ये दुरुस्त केलेली प्रत फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दाखवली गेली.

तुमच्या ताई जे करतायत त्याला डान्स फिल्म म्हणतात. नाचाचं चित्रीकरण वेगळं आणि ही वेगळी. लग्नाचा व्हिडिओवाला संगीतचा नाच घेतो ते चित्रीकरण. डान्स फिल्ममध्ये कापाकापीसुद्धा नाचाचाच भाग असते. माया डेरेन या बाईंची १९४५ ची जेमतेम तीन मिनिटांची फिल्म आहे. नाचणारा रानात पाय उचलतो आणि तो पाय टेकतो थेट घरातल्या खोलीत. हालचाल एकच, जागा दोन. हे कुठल्याही रंगमंचावर होणार नाही, पण दोन फोन असलेली पोरं दुपारभरात करतील. उडी तुमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, पाय टेकले गिरगाव चौपाटीवर!

मुक्काम_डोंबिवली

तिसऱ्या मजल्यावरून उडी म्हणे. अहो, लहान पोरं वाचत असतील. दिवे घ्या.

लालबागची_लेक

@सिनेमावाला, अगदी हेच आहे! परात गॅलरीत फिरायला लागते आणि शेवटचा फेरा बंद गिरणीच्या फाटकासमोर पूर्ण होतो. मला वाटलं होतं एडिटिंगला काहीतरी चुकलं.

कोर्टाची_पायरी

सहीबद्दल लिहितो. हा सल्ला नव्हे, चहावरच्या गप्पा समजा.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात नृत्यरचना 'नाट्यकृती'त धरली आहे, पण तिचं रूप लिहून किंवा दुसऱ्या कुठल्या तरी रीतीने पक्कं केलेलं हवं. त्याच व्याख्येत पुढे म्हटलंय की चित्रपट यात येत नाही. म्हणजे नाच एक चीज, त्याची फिल्म दुसरी. फिल्मचा कर्ता कायद्याने निर्माता. तेव्हा पहिला प्रश्न हा, की कागदावर निर्माता म्हणून नाव कुणाचं आहे? ताईंचं, की अनुदान देणाऱ्यांचं? बऱ्याचदा खुद्द ताईंनाही याचं उत्तर धड माहीत नसतं.

दुसरं. सादर करणाऱ्याचेही हक्क असतात. फिल्ममध्ये घ्यायला एकदा लेखी संमती दिलीत, की उलट करार नसेल तर निर्मात्याला अडवता येत नाही. फिल्म धंद्यासाठी वापरली तर रॉयल्टीचा हक्क मात्र २०१२ च्या दुरुस्तीने दिलाय. त्यातच एक खुबी आहे. ज्याचं काम किरकोळ आणि धंद्याच्या रिवाजाने ज्याचं नाव कुठेच येत नाही, त्याला कायदा 'सादरकर्ता' मानत नाही, फारतर त्याचे काही नैतिक हक्क राखतो. म्हणून श्रेयनामावलीत बावीसच्या बावीस नावं आणि आजींचं नाव आलंच पाहिजे. 'लालबागचे रहिवासी' अशी एक ओळ चालवून घेऊ नका.

तिसरं, लेक तेराची. चौदाच्या आतल्या मुलांसाठी बालकामगार नियमांत २०१७ पासून चित्रीकरणाबद्दल स्पष्ट तरतुदी आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांहून जास्त नाही, मुलाच्या मनाविरुद्ध अजिबात नाही, आणि मिळकत झाली तर किमान २० टक्के मुलाच्या नावाने बँकेत मुदत ठेव. उद्या एखादा प्रायोजक आला, तर हे सगळं पुढ्यात ठेवा.

आणि कागद मराठीत मागा. यात कसला आलाय अपमान.

आंबोळी

चहावरच्या गप्पांत एवढं मिळत असेल तर आमच्या सोसायटीतही या हो कधीतरी चहाला.

मागच्या_रांगेतला

लॉगिन करायला लावलंत. मी नऊ वर्षं सिनेमात ग्रुप डान्सर होतो. तुम्ही मला शंभरदा बघितलंय आणि एकदाही बघितलेलं नाही. हिरोइनच्या मागे, तिसरी रांग, डावीकडून दुसरा.

वकीलसाहेब नावाचं म्हणाले ते काळजाला लागलं. आमच्या धंद्यात शिकवणाऱ्याचं नावही उशिराच आलं. सरोज खान स्वतः आधी ग्रुपमध्ये, मग सोहनलाल मास्टरजींच्या सहायक, मग कुठे मास्टरजी. फिल्मफेअरला नृत्यदिग्दर्शनाचं बक्षीसच नव्हतं. 'तेजाब'नंतर ते सुरू झालं आणि पहिलं त्यांनाच गेलं. मग रांगेतल्यांना कोण विचारतो.

सेटवर मास्टर ओरडायचा, "ए, पिवळा शर्ट, खांदा!" नऊ वर्षांत मी पिवळा शर्ट, लाल पगडी, मशाल आणि एकदा झाड होतो. गुडघा गेला तेव्हा थांबलो. आता मानखुर्दला पोरांना शिकवतो. तुमच्या ताईंनी पहिल्या दिवशी गाणं लावलं नाही हे वाचून आधी हसलो, मग पुढच्या बॅचला करून पाहिलं. एका पोरीने भंगारातली तांब्याची तार सोलून दाखवली. दातात एक टोक धरायचं, बोटाने ओढत न्यायचं, मान एका बाजूला. नऊ वर्षांत कुठल्या मास्टरने मला एवढी नेमकी मान दिली नव्हती.

खडूस_काका

@मागच्या_रांगेतला, तुमच्यापुढे आम्ही गप्प. फक्त गुडघ्याची काळजी घ्या.

गोवंडीची

मी वस्तीत काम करते, त्यामुळे थोडं कडू लिहिते, राग नसावा.

नाचाने माणसात फरक पडतो यावर माझा विश्वास आहे. कोलकात्याच्या संवेद या संस्थेने, सोहिनी चक्रवर्तींनी २००४ मध्ये ती काढली, मानवी तस्करीतून सुटलेल्या मुलींबरोबर नाचातून केलेलं काम बघा. इथे देवनारला टाटा समाजविज्ञान संस्थेत त्यांच्यासोबत नृत्य-हालचाल उपचाराचा रीतसर अभ्यासक्रमही चालला. नुसतं 'पोरं खूश झाली' एवढ्यावर ते काम थांबत नाही. ज्या मुलीला स्वतःचं अंग नकोसं झालंय, तिने आधी नुसता श्वास मोजायचा, मग हात खांद्याच्या वर न्यायचा. कधीकधी त्यालाच महिने जातात.

आणि इथेच गोम आहे. महिने जातात. आमच्याकडे एक गट आला होता, नाव घेत नाही. बारा आठवडे नाच, शेवटी फिल्म, मोठ्या हॉलमध्ये खेळ, मुलांना बसने नेलं, वडापाव दिला, फोटो काढले. तेराव्या आठवड्यात मुलं ठरल्या वेळेला येऊन समाजमंदिराच्या पायरीवर बसली. कुणी येणार नाही हे त्यांना सांगितलंच नव्हतं. एक पोरगा पुढचे तीन शनिवार आला, शर्ट इस्त्री करून.

म्हणून @लालबागची_लेक, ताईंना माझा एकच प्रश्न विचारा. फिल्म झाली, आता पुढच्या रविवारी चौकात कोण उभं राहणार?

झिम्मा

इस्त्रीचा शर्ट. ओह.

नाममात्र

धाग्याचा सूर चाललाय तसा चालू द्या, मला जरा वाकडं बोलायचंय. नाचून बाई सक्षम होते म्हणता. याच राज्यात २००५ मध्ये डान्सबार बंद केले तेव्हा नाचून घर चालवणाऱ्या हजारो बायकांचं काय झालं? हायकोर्टाने २००६ मध्ये बंदी रद्द केली, सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये तेच कायम केलं, मग नवा कायदा आला, २०१९ मध्ये पुन्हा कोर्टाने अटी सैल केल्या. तोवर त्या बायका गेल्या कुठे, कुणी फिल्म काढली का? आपल्याला फुकट नाचणारी बाई सक्षम वाटते. पैसे घेतले की लगेच आपल्या भुवया वर.

मुक्काम_डोंबिवली

झाला धागा हायजॅक. पॉपकॉर्न आणतो.

झिम्मा

नाही, मुद्द्याला धरून आहे. लावणीचंच घ्या. लावणी कलावंतांवर सावित्री मेधातूल यांनी 'नटले तुमच्यासाठी' हा माहितीपट केला, पुढे भूषण कोरगावकरांबरोबर 'संगीत बारी'चे प्रयोग झाले. शकुंतलाबाई नगरकरांसारख्या बाया तिथे नाचतात आणि स्वतःच्या तोंडाने बोलतातही. कॅमेरा लावला आणि निघून गेले, असं झालं नाही. माहितीपटानंतर त्याच बायकांबरोबर वर्षानुवर्षं काम चालू राहिलं, आणि कलावंत मानधन घेऊन रंगमंचावर येतात. गोवंडीचीचा प्रश्न आणि नाममात्रचा प्रश्न शेवटी एकाच ठिकाणी येतात असं मला वाटतं. पैसे कुणाला आणि पुढे काय?

टॅक्सी_नं_११

बॅले शिकलेली मुंबईची दोन पोरं आठवतायत का? एकाचे वडील टॅक्सी चालवायचे, दुसऱ्याचे वेल्डर. इस्रायली मास्तर येहूदा माओर यांनी त्यांना घडवलं, अमिरुद्दीन शाह लंडनच्या रॉयल बॅले स्कूलला गेला. २०२० मध्ये सूनी तारापोरवालांनी त्यावर 'ये बॅले' काढला, त्यात मनीष चौहान स्वतःच्याच भूमिकेत आहे. मला टॅक्सीवाल्याचा मुलगा म्हणून भरून आलं होतं. पण बायको म्हणाली, "दोघं गेले वर. बाकीची वस्ती?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी टीव्ही बंद केला.

सिनेमावाला

अस्ताद देबूंचं नाव कसं कुणी घेतलं नाही? कथक आणि कथकली दोन्ही शिकलेला माणूस. जगभर प्रयोग केले, आणि कर्णबधिर मुलामुलींबरोबर वर्षानुवर्षं काम केलं. संगीत ऐकू येत नाही, तरी सगळ्यांचा पाय एका क्षणी पडतो, कारण आकडे मनात मोजायचे आणि नजर शेजाऱ्यावर ठेवायची. दिल्लीच्या सलाम बालक ट्रस्टच्या मुलांनाही त्यांनी रंगमंचावर आणलं. २०२० च्या डिसेंबरमध्ये मुंबईतच गेले. 'बिचारी मुलं' म्हणून त्यांचा प्रयोग बघायची सोयच नसायची. नर्तक म्हणूनच बघावं लागायचं.

खडूस_काका

सगळे परदेशी गेलेले, पद्मश्री मिळालेले. आमचे भगवानदादा कुठेत? परळ-दादरच्या चाळीतला माणूस, गिरणी कामगाराचा पोरगा. १९५१ चा 'अलबेला'. एक हात वर, एक कमरेशी, पाय जागच्या जागी. आजही विसर्जनाला ज्याला काहीच येत नाही तोसुद्धा तेच नाचतो. एवढी माणसं कुठल्या नृत्यशाळेने नाचवली सांगा.

मागच्या_रांगेतला

काका, ती स्टेप पूर्ण बारा तास करून बघा. मिरवणुकीत केलीय मी. गुडघ्याचं सेटवर नाव घेतो, खरं कारण तेच असेल.

लालबागची_लेक

चार दिवस फिरकले नाही, माफ करा. बरंच काही घडलंय.

आधी संडासाच्या रांगेचा शॉट. ज्यांनी सगळ्यात जास्त आरडाओरडा केला ते आमचे सेक्रेटरी. तर फोन कुणाकडे होता म्हणून ताईंना विचारलं. त्यांनी सांगितलं, शूटिंग सगळं मुलांनी केलंय, मी फक्त बाजूला उभी होते. तो शॉट सेक्रेटरींच्या नातवाने घेतलाय! त्याला विचारलं, का रे बाबा? म्हणाला, "सकाळी सगळे तिथेच भेटतात ना. आजोबा तिथे हसतात, घरी नाही हसत." परत बघितलं तर खरंच. हातात बादली, आणि आजोबा शेजारच्या काकांच्या खांद्यावर हात टाकून हसतायत. शॉट राहिला. सेक्रेटरी हल्ली रांगेत जरा गंभीर उभे असतात.

कागदाबद्दल @कोर्टाची_पायरी यांचे शतशः आभार. निर्माता म्हणून अनुदानवाल्यांचंच नाव होतं, आणि ते ताईंच्या खरंच लक्षात आलं नव्हतं. तुमचा प्रतिसाद मी मीटिंगमध्ये वाचून दाखवला. कागद मराठीत होतोय, नावं सगळी येणार, एक प्रत मंडळाकडे राहणार, आणि पैसे मिळाले तर काय, याचं एक कलम वकिलांकडून घालून घेतोय. ताई चिडल्या नाहीत. थोड्या ओशाळल्या.

@गोवंडीची, तुमचा प्रश्न विचारला. ताई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, एप्रिलनंतर महिन्यातून एकदाच जमेल, बाकीचे रविवार माझे नाहीत. खोटं बोलल्या नाहीत हे बरं वाटलं. मधले रविवार दोन मोठ्या मुली घेतायत, त्यातली एक माझी. गेल्या रविवारी नऊच पोरं आली. बघू.

गोवंडीची

नऊ म्हणजे खूप. खरंच.

आंबोळी

हे सगळं ठीक आहे हो, पण सासूबाई??

झिम्मा

हो ना! मला वाटतं त्यांना खानावळीचे दिवस आठवले असतील. संप, ते सगळं. दुखरी जागा असते.

नाममात्र

किंवा आपली मेहनत लोकांच्या कौतुकाचा विषय व्हावी हे पटलं नसेल. तो त्यांचा हक्क आहे.

सिनेमावाला

क्लोजअप नको झाला असेल. या वयात चेहरा इतक्या जवळून बघणं सोपं नसतं.

लालबागची_लेक

सगळे चुकलात. मीसुद्धा. मी तर गिरणगावातल्या खानावळवाल्यांच्या गोष्टी काढून, प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ कसं उभं केलं वगैरे सांगून त्यांना बोलतं करायला गेले. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते मला नको सांगूस, मी तिथेच होते."

मग काल रात्री भांडी आवरताना आपणहून बोलल्या. "त्या फिल्ममध्ये मी गाऊनवर आहे."

मी म्हटलं, एवढंच? तर अशा भडकल्या. "एवढंच काय? खानावळ होती तेव्हा मी पहाटे चारला अंघोळ करून लुगडं नेसून बसायचे. पदर खोचलेला, कासोटा घट्ट. मांडी घालून परातीवर वाकायचे तेव्हा जोर कमरेतून यायचा. गाऊनवर खुर्चीत बसून कोण कणीक मळतं? हात नुसता फिरतोय, पीठ मळलंच जात नाहीये. पंधरा माणसं उपाशी राहिली असती."

ताईंना फोन करून सांगितलं. पलीकडे एकदम शांत, मग म्हणाल्या, "बावीस मुलांना मी चुकीचं शिकवलं की." रविवारी तो भाग पुन्हा शूट होणार. मुलांनाही जमिनीवर बसवून, कमरेतून.

आज सकाळी ट्रंकेतून हिरवं लुगडं निघालं. गॅलरीच्या दांडीवर उन्हात घातलंय आणि अख्ख्या दुसऱ्या मजल्याला डांबरगोळ्यांचा वास येतोय. सेक्रेटरी दोनदा विचारून गेले, कुणाचं लग्न आहे का.